पडायला शिकवणारी गादी

मी एक जुनी गादी आहे. पण मित्रांनो, लगेच उशी घेऊन येऊ नका. माझ्यावर आजवर कुणी झोपलेलं नाही. बेशुद्ध पडले ते वेगळे. माझ्यावर माणसं आपटतात, आदळतात, फेकली जातात. त्यासाठीच मला केलं आहे. लांबीला मी दोन पुरुष, रुंदीला एक पुरुष आणि जाडीला तुमच्या मुख्याध्यापकांच्या पोटाइतकी आहे. अंगावर जाड कॅनव्हास आणि चार कोपऱ्यांना धरून ओढायला चार पट्टे. खोटं मी सहसा बोलत नाही. बोललेच तर ते खऱ्यापेक्षा चांगलं असतं.

माझा जन्म मारहाणीतून झाला. आधी कापसाला बडवलं. असं बडवलं, की बडवणाऱ्याच्या हाताला फोड आले आणि कापूस जीव मुठीत धरून खोलीभर पळत सुटला. मग काथ्याची पाळी. त्याला ओढला, पिळला, तोडला. दोघांनाही कॅनव्हासच्या पिशवीत कोंबलं आणि वरून दोन धटिंगण तासभर तुडवत राहिले. शेवटी वीतभर लांबीचा लोखंडी दाभण माझ्या आरपार चारशे वेळा गेला. तुम्हाला साधं एक इंजेक्शन द्यायचं तर तुम्ही दवाखाना डोक्यावर घेता. मी हूं की चूं केलं नाही. करणार कशी? तोंडच शिवून टाकलं होतं.

पहिली वीस वर्षं मी एका व्यायामशाळेत काढली. तिथे माणसं एकमेकांना उचलून आपटायला शिकत. वस्ताद रोज संध्याकाळी मला थोपटून म्हणायचे, "ही गादी नाही, माझी आई आहे." आणि लगेच कुणाला तरी त्या आईच्या अंगावर दाणकन आदळायचे. घाम, रक्त, शिव्या सगळं मी पोटात घेतलं. एका पैलवानाचा दातही घेतला. तो अजून आत आहे आणि थंडीत दुखतो. एकदा सिनेमावाले मला उसनी घेऊन गेले. त्यांचा एक उडी मारणारा गडी तिसऱ्या मजल्यावरून माझ्यावर पडला. मी त्याला असा परत फेकला, की तो दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा पिणाऱ्या काकांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. काकांनी त्याला बशीत ओतून अर्धा चहा दिला. विश्वास बसत नसेल तर काकांना विचारा. ते आता हयात नाहीत, पण विचारा.

एक गोष्ट मात्र जन्मभर डाचत राहिली. तालीम माझ्यावर व्हायची, पण प्रत्यक्ष कुस्तीच्या दिवशी, लोक बघायला जमले की वस्ताद ओरडायचे, "गादी बाजूला घ्या!" सगळा मार मी खायचा आणि टाळ्यांच्या वेळी मी भिंतीला टेकून उभी. उजेडात मी कधी गेलेच नाही.

पुढे वस्ताद थकले. व्यायामशाळेला कुलूप लागलं आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथे उंदरांच्या सात पिढ्या माझ्या पोटात नांदल्या आणि एकाही पिढीने साधे आभार मानले नाहीत. मला वाटलं, संपलं. अशात एक दिवस चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक बाई आल्या, माझ्या छातीत गच्चकन कोपर मारलं आणि म्हणाल्या, "हिच्यात अजून जीव आहे. उचला."

या मास्तरीणबाई. त्या नाच बसवायच्या. पण सजूनधजून उभं राहायचा नाच नव्हे. यात धावायचं, पडायचं, एकमेकांच्या अंगावर जायचं. कार्यक्रमपत्रिकेत त्याला समकालीन नृत्य म्हणत. त्यांचा हॉल एका छापखान्याच्या वर होता, आणि खालचा छापखानेवाला त्याला भांडण म्हणायचा. वर कुणी आपटलं की तो लांब काठीने छत ठोकायचा आणि विचारायचा, "मेलं का कुणी?" वरून सगळ्या पोरी एका सुरात ओरडायच्या, "अजून नाही, काका!"

त्या वर्षी मास्तरीणबाईंनी नवाच घाट घातला. पाच तरुण पोरी आणि साठी ओलांडलेल्या चार बायका, सगळ्यांनी एकाच रंगमंचावर नाचायचं. पहिल्या दिवशी बाईंनी चौघींना खुर्च्यांवर बसवलं. पोरी समोर उड्या मारणार आणि या बसल्या जागी हात हलवणार, अशी त्यांची कल्पना. पाच मिनिटं हात हलवून झाल्यावर चौघींतल्या एक उठल्या आणि त्यांनी खुर्ची पायाने उडवून दिली. खुर्ची गडगडत थेट माझ्यावर आली.

"बाई, आम्ही काय खिडकीतल्या कुंड्या आहोत?" त्या म्हणाल्या. "मला पाडा."

त्या म्हणजे सिस्टर. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स. शुद्धीवर नसलेले दांडगे पुरुष त्यांनी एकट्याने खाटेला जखडले होते, आणि एका झटका आलेल्या रोग्याने त्यांना कपाटावर भिरकावलं तेव्हा त्यांनी पडता पडता त्याची नाडी मोजली होती. (हे त्यांनी सांगितलं. माझ्यापेक्षा मोठी थाप मारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.) पण दोन वर्षांपूर्वी त्या घरी न्हाणीघरात घसरल्या. मोडलं काही नाही. तरी त्या दिवसापासून त्यांच्या मुलाने जिना बंद केला, बाजार बंद केला आणि न्हाणीघराच्या दाराची कडीच काढून टाकली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. काही खाली पडू द्यायचं नाही, हाच त्याचा धंदा. तो आईलाही लिफ्टसारखाच वागवू लागला.

"पडायची भीती नाही हो मला," सिस्टर म्हणाल्या. "कुणीतरी सारखं धरून ठेवील, त्याची आहे. पडायला शिकवा, मग बघू कोण धरतं ते."

मास्तरीणबाईंनी खुर्च्या बाहेर काढल्या आणि मला मधोमध आणलं.

पडायला शिकवायची त्यांची एक पद्धत होती. आधी गुडघ्यांवरून पडायचं, मग उभ्याने, मग कुणीतरी ढकललं की. गुडघा वाकवायचा, हात छातीशी घ्यायचे, कुल्ल्यावर बसायचं आणि पाठीवरून तिरकं लोळत उठायचं. मागे हात टेकला की हात मोडला. आणि हे जमायला लागलं की मला रोज वीतभर भिंतीकडे सरकवायचं. रोज एक वीत. म्हणजे पडणारीच्या अंगाखाली रोज वीतभर गादी कमी आणि वीतभर जमिनीची उघडी फळी जास्त. प्रयोगाच्या कितीतरी आधी मी पूर्ण बाहेर. बघा, इथेही तेच! मी मनातल्या मनात खूप आदळआपट केली.

नाच दणक्यांचा होता. अर्धा वेळ तरुण पोरी म्हाताऱ्यांवर चाल करून जायच्या, त्यांना ढकलायच्या, पाडायच्या. मग पारडं फिरायचं आणि म्हाताऱ्या त्यांना धरून, वळवून, भिरकावून द्यायच्या. सिस्टरांच्या वाट्याला जी पोर आली तिला सगळे स्प्रिंग म्हणत. वीस वर्षांची, अंगात हाड आहे की नाही याचीच शंका यावी अशी. धावत येऊन तिने दोन्ही तळवे सिस्टरांच्या खांद्यांवर मारायचे आणि त्यांना मागे उडवायचं.

"आजी, लागेल हं," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"आजी तुझ्या घरी. इथं मी सिस्टर. आणि लागायलाच आलेय."

"बरं, आजी."

"परत म्हण, मीच तुला आधी पाडते."

ढकलताना एकच नियम होता. ढकलायचं तर पूर्ण ढकलायचं. पूर्ण ढकललं की पडणारीला दिशा मिळते, ती गोल लोळते आणि उठते. अर्धवट ढकललं की ती धड उभी नाही, धड पडत नाही, आणि मधल्यामध्ये मोडते. बाई हे रोज घसा फाटेपर्यंत सांगायच्या. स्प्रिंग मान डोलवायची. बाकी कुणाशीही ती वाघीण होती. सिस्टरांपाशी आली की तिचे तळवे लोण्याचे व्हायचे.

मी चौथ्या हिश्शाइतकीच उरले होते त्या दिवसाची गोष्ट. सिस्टरांना सकाळपासून खोकला होता. स्प्रिंग धावत आली. तळवे खांद्यांवर पडले. सिस्टर मागे गेल्या, गुडघा वाकला, हात छातीशी, अगदी पुस्तकात छापावं असं चाललं होतं. तेवढ्यात त्या खोकल्या. स्प्रिंगचं काळीज पाघळलं. तिने पुढे झेपावून सिस्टरांचा उजवा हात पकडला, त्यांना वाचवायला.

काय झालं ते मी अंगावर अनुभवलंय. पडणारं शरीर एका दिशेला गेलं आणि हात दुसऱ्या दिशेला राहिला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा कडकन आवाज आला. सिस्टर अर्ध्या माझ्यावर, अर्ध्या फळीवर आदळल्या. मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. खालून काठी वाजली. "मेलं का कुणी?" यावेळी वरून कुणी उत्तर दिलं नाही.

"मी वाचवायला गेले हो..." स्प्रिंग म्हणाली.

"तेच तर केलंस, भवाने," सिस्टर दातांवर दात दाबून म्हणाल्या. मग दुसऱ्या हाताने त्यांनी ओढणी मागितली, पट्टी मागितली आणि स्वतःच्या मनगटाला स्वतःच बांधून टाकलं. घेरी मात्र स्प्रिंगला आली. ती माझ्यावर पडली. पडली मात्र सुरेख.

मुलगा कमरेच्या हत्यारांसकट धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने आईकडे पाहिलं, मास्तरीणबाईंकडे पाहिलं आणि कुणालाच मारता येईना म्हणून मला लाथ घातली.

"संपलं. उद्यापासून घरी."

"हात मोडलाय, पाय नाही," सिस्टर म्हणाल्या.

"आई, पुढच्या वेळी खुबा जाईल! मग काय करणार आहेस?"

"मग तू माझी वरात काढ. पण नाच झाल्यावर."

सहा आठवडे हात प्लास्टरात राहिला. प्रयोगाला उरले होते आठ. मुलगा रोज सकाळी दारातून बजावून जायचा, आणि सिस्टर रोज दुपारी गळ्यात हात अडकवून जिने चढून यायच्या आणि माझ्यावर बसायच्या. त्याच दिवसांत एकदा त्यांनी डाव्या हाताने, भाजी चिरायच्या सुरीने, न्हाणीघराची कडी परत बसवून टाकली. मुलाने ती पाहिली. काढली नाही. पण प्रयोगाचं नाव काढलं की तो भिंतीसारखा व्हायचा.

स्प्रिंग त्यांच्या समोर यायलाच तयार नव्हती. सिस्टरांनी तिला बोलावलं.

"कुणावर राग आहे तुझा?"

"कुणावर नाही."

"वीस वर्षांची झालीस आणि कुणावर राग नाही? वेडी की खोटारडी?"

"नाही म्हटलं ना!"

"ही गादी घे. हाण."

पोरीने मला एक चापट मारली. सिस्टर हसल्या. दुसरी मारली. सिस्टर आणखी हसल्या. मग मित्रांनो, ती पोर जी सुटली! गुद्दे, लाथा, कोपरं, गुडघे. वस्तादांच्या वेळचे पैलवान तिच्यापुढे दूधपिती पोरं वाटावीत. माझ्या तोंडून धुरळा निघाला, दोन जागी उसवले मी. हॉलभर काथ्या उडत होता आणि खाली छापखानेवाला काठीने छत ठोकून दमला होता. शेवटी ती किंचाळली, "तुमच्यावर आहे राग! तुमच्यावर! पडलात तुम्ही आणि सगळे बघतात माझ्याकडे! हात मोडला म्हणून तुम्ही शूर आणि मी खुनी!"

"हां," सिस्टर उठून माझ्या कडेला उभ्या राहिल्या. "आता मार."

"प्लास्टर आहे तुम्हाला."

"मनगटाला आहे. खांदे मोकळे आहेत."

मास्तरीणबाई दारातून ओरडल्या, "नाही! अजिबात नाही!" पण स्प्रिंग निघाली होती. दोन्ही तळवे सपकन बसले. सिस्टर उडाल्या, प्लास्टरचा हात झेंड्यासारखा वर, माझ्यावर गोल लोळल्या आणि दोन पायांवर उभ्या. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद.

"असं!" त्या म्हणाल्या. "इतके दिवस कुठं होतीस?"

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. मलाही नाट्यगृहात नेलं होतं, नाचणाऱ्यांचं अंग गरम करायला. सुरू व्हायला दहा मिनिटं असताना मुलगा आत आला. कामावरून थेट आला होता.

"ही गादी मध्ये टाका," तो मास्तरीणबाईंना म्हणाला.

"नाचात गादी नाही."

"मग नाचात आईही नाही."

"माझ्या देखत माझी वाटणी करू नका," सिस्टर केस घट्ट बांधत म्हणाल्या. "तुला बघवत नसेल तर बाहेर जाऊन बस."

"दोन महिन्यांपूर्वी मोडलीयस तू! उघड्या फळीवर? आई, मी..." सिस्टरांनी त्याच्या गालाला हात लावला. मग घंटा झाली आणि त्या गेल्या.

नाच सुरू झाला. मी विंगेतून सगळं बघत होते. पोरी लाटेसारख्या अंगावर जात होत्या. फळ्या थडाथड वाजत होत्या. चौघींतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई पडल्या, उठल्या आणि त्यांनी एका पोरीला दंडाला धरून अशी गरकन फिरवून सोडली, की पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी पाय वर घेतले. थपडा, ओढाताण, पायांचे आघात. संगीत नव्हतं, फक्त श्वास आणि दणके. आता सिस्टरांची पाळी. त्या मधोमध उभ्या राहिल्या. पलीकडच्या टोकाला स्प्रिंग.

मुलाने माझा पट्टा धरला आणि मला रंगमंचाकडे ओढायला लागला.

मित्रांनो, खरं सांगते. माझं मन डळमळलं. जन्मभर मला म्हणाले, गादी बाजूला घ्या. आज पहिल्यांदा कुणीतरी मला उजेडात नेत होतं. दोन हात उरले, मग एक. दिव्याच्या उजेडाची उबदार कड माझ्या कोपऱ्याला लागली. आणखी एक हिसका आणि मी मधोमध. सगळं नाट्यगृह माझ्याकडे बघणार.

पण मला तिथे बघून सिस्टर बिचकल्या असत्या. स्प्रिंग बिचकली असती. तिचे तळवे पुन्हा लोण्याचे झाले असते. तो कडकन आवाज माझ्या अंगात अजून होता.

तेव्हा मी फाटले.

हो, मुद्दाम. चारशे टाके एका दमात सोडले. गादी स्वतःहून फाटत नाही असं तुमचे शिक्षक म्हणतील, म्हणू द्या. पट्टा माझं अर्धं कातडं घेऊन टरटरत निघाला, आणि मुलगा पट्ट्यासकट मागे उताणा, काथ्याच्या ढगात, विंगेच्या उघड्या लाद्यांवर ढुंगणावर आदळला. तिथून त्याने पाहिलं. स्प्रिंग धावली. तळवे बसले, पूर्ण, पुरेपूर. त्याची आई हवेतून मागे गेली.

"आईऽऽ!"

त्या हाकेने नाट्यगृह हादरलं. सिस्टर फळीवर आल्या, लोळल्या आणि उठल्या. स्प्रिंग दुसऱ्यांदा धावून आली तेव्हा त्यांनी तिला खांद्यावरून उलटी घेतली आणि भिरकावली. पोर मांजरासारखी उतरली. दोघी धापा टाकत समोरासमोर उभ्या राहिल्या, दात दाखवत. मग टाळ्या वाजल्या.

लोकांना वाटलं, ती हाक नाचातलीच. दुसऱ्या प्रयोगाला ती ऐकू आली नाही तेव्हा एका बाईंनी तक्रार केली.

मला सिस्टरांनी टेबलावर घेतलं आणि जखम शिवावी तशी शिवली. एकोणतीस टाके. "हलू नकोस," म्हणाल्या. मी हलले नाही. जखमी मी एकटीच नव्हते. मुलाच्या माकडहाडाला असा मार बसला होता, की तीन आठवडे तो मऊ उशीवर बसून जेवला. आई मात्र ठणठणीत. शेवटी एका दुपारी तो लंगडत जिने चढून आला आणि दारात उभा राहिला.

"आई, पडायचं कसं ते... मला पण..."

सिस्टरांनी मला पायाने मधोमध सरकवलं.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला आठवड्यातून एकदा ऊन दाखवा. उसवले तर वेळेवर शिवा. पण जपायचं म्हणून गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका. वापरात नसलेली गादी आतून कुजते, आणि माणसंही काही वेगळी नसतात. तुमच्या घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, कुणी हळू चालत असेल, तर त्यांना धरण्याआधी एकदा विचारा, धरू का? नाही म्हणाले तर हात मागे घ्या. आणि हो म्हणाले तर नीट, पूर्ण धरा.

आता जरा भिंतीकडे सरका. मुलगा नव्वद किलोचा आहे, हात अजून मागेच टेकवतोय, आणि सिस्टरांनी बाह्या वर केल्या आहेत.